इथलं का माहेरचं?

मतदार यादी हे काही वाचायचं पुस्तक नव्हे. पण प्राथमिक शिक्षकाच्या मागं बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं, काम लागलं की ती वाचावी लागते, आणि एकदा गोडी लागली की हातातून सुटत नाही. वयाचा रकाना झाकून नुसती नावं वाचत जावं. दहातल्या आठांचं वय बरोबर सांगता येतं. धोंडीबा, केरबा, दगडू, भिकू, नथू म्हटलं की सत्तरीच्या पुढचे. शिवाजी, तानाजी, सुभाष साठीच्या अलीकडं-पलीकडं. मग सचिन आणि राहुल, आणि पहिल्यांदाच शाई लावून घेणारे ओंकार, प्रथमेश. बायकांच्या नावांतही असेच थर आहेत. हौसाबाई, सखुबाई, चिमाबाई यांच्यानंतर मंगल, सुमन, शोभा. त्यांच्यानंतर अश्विनी, प्रियांका. आणि आता सानिका, वैष्णवी.

ही यादी खंडाळ्याची. खंडाळा म्हटलं की मुंबईच्या माणसाला लोणावळ्याचा शेजार आठवतो, आणि १९९८च्या 'गुलाम' सिनेमापासून तर आमिर खान आठवतो. ते खंडाळं वेगळं. आमचं पुणे-सातारा रस्त्यावर, नीरा ओलांडून शिरवळ मागं टाकलं की खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी. एकाच नावाची दोन गावं असली की धाकट्याला शेजाऱ्याचा हात धरून चालावं लागतं, तसं आमचं 'पारगाव-खंडाळा' झालं. नीरेपलीकडं जेजुरी असल्यामुळं यादीत खंडू, खंडेराव, मल्हारी, मार्तंड यांची दाटी आहे. म्हाळसा आणि बानू या खंडोबाच्या दोन्ही बायकाही यादीत आहेत, आणि त्या एका घरात सासू-सून म्हणूनही सापडतात.

दगडू-धोंडूंची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पोरं जगत नसत. पहिली दोन गेली की तिसऱ्याला मुद्दाम हलकं नाव ठेवायचं, म्हणजे सटवीची किंवा यमाची नजर त्याच्यावर थांबत नाही. मूल सुपात घालून केरात ठेवायचं, दुसऱ्या बाईनं ते उचलून आणायचं. तो झाला केरू. नाक टोचून नथ घातली की नथू, कारण मुलगी समजून मृत्यू पुढं जाईल. मुलगी कुणाला हवी असते, हा हिशेब त्यातच आला. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो. 'बलुतं'कार दया पवार कागदोपत्री दगडू मारुती पवार, आणि १९७८च्या त्या पुस्तकात लेखक आपल्याच दगडूशी समोरासमोर बसून बोलतो. हलक्या नावाची अशी माणसं पुढं फार मोठी झाली, आणि त्यात नवल नाही. नाव हलकं होतं, पण ते ठेवणाऱ्याचा जीव त्या पोरात गुंतलेला होता. देवाला फसवायला म्हणून तोंडानं 'दगड' म्हणायचं आणि उराशी धरायचं.

मुलींच्या रांगेत मात्र एक नाव येतं आणि तिथं हा लाडिक खोटेपणा संपतो. नकुसा. कुठं नकुशा, कुठं नकोशी. इथं देवाला कुणी फसवत नाही; उलट त्याच्याशी अगदी खरं बोललं जातं. ही नको होती, आता पुढची तरी पाठवू नकोस.

यादीची पडताळणी करताना घरोघर जाऊन नावं तपासावी लागतात. एका ओसरीवर लसूण सोलत बसलेल्या म्हातारबाईंना मी म्हटलं, "आजी, नाव सांगा."

"कुठलं? इथलं का माहेरचं?"

"दोन्ही सांगा."

"इथलं तर कार्डावर हाय की. माहेरचं नकुसा. पाचवी मी."

मी गप्प राहिलो. आजी लसणाचं साल फुंकरून उडवत म्हणाल्या, "सहावा भाऊ झाला. माझ्या नावामुळंच झाला म्हणायचे समदे."

त्यांच्या आवाजात गाऱ्हाणं नव्हतं, चक्क अभिमान होता. नाव ठेवलं आणि ते लागू पडलं, औषध लागू पडावं तसं. मी दया दाखवायच्या तयारीत होतो, पण तिथं तिला गिऱ्हाईक नव्हतं. मी कार्डावरचं नाव यादीशी ताडून पाहिलं आणि पुढच्या घरी गेलो.

हे आपल्याच मातीतलं आहे असं समजून मान खाली घालायचं कारण नाही, किंवा एकट्यानं घालायचं कारण नाही. हरियाणात अशा मुलीला 'भतेरी' म्हणतात, म्हणजे पुष्कळ झाल्या. राजस्थानात 'धापू', म्हणजे पोट भरलं. तमिळ खेड्यांत 'वेंडाम', म्हणजे नकोच. आमच्या नकुसाची सख्खी बहीण. बंगाल्यांनी देवीला मध्ये घालून 'आन्नाकाली' केलं: आर ना, काली, आता पुरे, कालीमाते. नाव ऐकायला किती गोड, आणि आत काय! तुर्की बायकांत 'येतेर' हे नाव आहे, त्याचा अर्थ पुरे. 'दोंदू' आहे, म्हणजे वळली. पुढच्या खेपेला नशीब मुलाकडं वळो. अझरबैजानात 'गिझबेस', मुली बस्स. त्यातला 'बेस' आणि आपण रोज म्हणतो तो 'बस्स' फारसीच्या एकाच घरचे. चिनी मुलीचं नाव 'चाओदी' असलं तर ती धाकट्या भावाला बोलावणारी. कोरियातल्या जुन्या पिढीत 'मालजा', म्हणजे शेवटची. जपानी आज्यांत 'तोमे', म्हणजे थांब. या बायकांना एका ओसरीवर बसवलं तर एकीला दुसरीची भाषा कळणार नाही, पण नावाचा अर्थ सांगितला की सगळ्याच ओळखीचं हसतील.

या नावापासून सुटायची एक वाट आमच्याकडं पूर्वीपासून होती, ती लग्नाची. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यावर बायकोचं नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. लग्नात बाईचं नाव पुसून टाकण्याच्या या रीतीवर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ते मला पटतं. माणूस वीस वर्षं एका हाकेला ओ देतं आणि एका संध्याकाळी ती हाक काढून घेतली जाते. हे सोपं नाही. पण ओसरीवरच्या आजींसारख्या कितीतरी जणींना त्या तांदळांनीच पहिल्यांदा धड नाव दिलं. ज्या रीतीनं इतरजणींचं काहीतरी हिरावलं, त्याच रीतीनं नकुसाला काहीतरी मिळालं. समाज अशा गुंत्यात चालतो. एक दोरा ओढून सगळं उलगडत नाही.

लग्नाशिवायची वाट निघाली २०११ साली. सातारा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागानं जिल्ह्यातल्या नकुसा शोधून काढल्या. २२ ऑक्टोबरला साताऱ्यात समारंभ झाला आणि २८५ मुलींना नवी नावं मिळाली. मुली ठेवणीतले कपडे घालून, वेण्यांना फिती आणि पिना लावून रांगेत उभ्या होत्या. हातात नव्या नावाचा दाखला आणि छोटा पुष्पगुच्छ. तो काळही तसाच होता. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागं ८९४ मुली निघाल्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. म्हणजे नकुसा नाव ठेवणारे आईबाप निदान मुलीला जन्म तरी देत होते. सोनोग्राफीचं यंत्र आल्यावर नाव ठेवण्यापर्यंत गोष्ट जाऊ न देणारे निघाले, आणि त्यांच्या घरात नकुसा नावाची मुलगी कधीच सापडली नसती. त्यांची नोंद आठशे चौऱ्याण्णवच्या आकड्यातच तेवढी आहे.

त्या दिवशी कुणी सिनेमातली ऐश्वर्या झालं, कुणी वैशाली. एकीनं अस्मिता हे नाव घेतलं. इंग्रजी बातम्यांत ते 'अश्मिता' असं छापून आलं आणि अर्थ दिला गेला 'खडकासारखी कणखर'. अस्मिता म्हणजे 'मी आहे' हा भाव. 'स'चा 'श' झाला आणि पोरगी पुन्हा दगडूच्या रांगेत जाऊन उभी राहिली! चुकीचा असला तरी हा अर्थ तिला शोभला असता, हेही खरं.

आणि काहींनी सावित्री हे नाव घेतलं.

सातारा जिल्ह्यात हे नाव घेण्याला एक अर्थ आहे, आणि आमच्या तालुक्यात तर फारच आहे. शिरवळजवळच्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी मुलगी झाली, तिचं नाव सावित्री. बापाचं नाव खंडोबावरून. पुढं नवरा मिळाला त्याचं नाव जोतिबावरून. दोन्ही देव आमच्या शेतकऱ्याच्या देव्हाऱ्यातले, भंडारा-गुलालातले, मराठी बोलणारे. मुलीचं नाव मात्र थेट वेदातलं. गावातल्या तोंडात त्याचं सावित्रा होतं, लाडानं साऊ होतं, पण मूळ तेच.

सवितृ म्हणजे सूर्य, पण आकाशात दिसणारा गोळा नव्हे. हलवणारा, कामाला लावणारा, जन्माला घालणारा असा. यास्कानं निरुक्तात सविता म्हणजे सगळ्यांना प्रसवणारा असा उलगडा केला आहे. त्या सवित्याची ती सावित्री. आज ज्याला आपण गायत्री मंत्र म्हणतो तो ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातला. गायत्री हे त्याच्या छंदाचं नाव. देवता सविता, म्हणून जुन्या ग्रंथांत त्या ऋचेलाच सावित्री म्हटलेलं आहे. मुंजीत बटूच्या कानात सांगतात ती सावित्री. ठरलेल्या वयापर्यंत मुंज झाली नाही तर मनुस्मृती त्याला सावित्रीपासून पतित झालेला म्हणते. स्त्रीला मुंज नाही. तिचं लग्न हीच तिची मुंज, असंही तीच स्मृती सांगते. शूद्राला ती ऋचा ऐकायचीही सोय नाही.

आता नायगावच्या माळ्याच्या घरातली मुलगी बघा. जी ऋचा तिच्या कानावर पडायची नाही, तोंडून निघायची तर नाहीच, तिचंच नाव घेऊन ती विहिरीवर पाणी भरते आहे. आई अंगणातून रोज तीच ऋचा हाक मारून बोलावते आहे. ज्यांनी दार लावून घेतलं होतं त्यांच्या हे लक्षात आलं नसेल. नावाला सोवळं पाळता येत नाही. ते वाऱ्यावर जातं, ज्याला आवडलं त्यानं उचललं.

अर्थात तिच्या आईबापांच्या मनात ऋग्वेद नसणार. महाभारताच्या वनपर्वातली सावित्री कथा-कीर्तनातून घरोघर पोचलेली होतीच. मद्र देशाचा राजा अश्वपती मूल व्हावं म्हणून अठरा वर्षं सावित्री देवीची आराधना करतो. त्याला मुलगी होते आणि तो देवीचंच नाव तिला ठेवतो. मला ही कथा सुरुवातीपासूनच वेगळी वाटते. मुलगी झाली म्हणून राजा तोंड फिरवत नाही. अठरा वर्षांच्या तपाचं फळ म्हणून तिचं नाव ठेवतो. म्हणजे सावित्री हे मूळचंच 'हवीशी'चं नाव आहे. नकुसाचं नाव बदलून सावित्री ठेवणाऱ्यांना हे ठाऊक होतं की नाही, देव जाणे. पण याहून नेमका बदल शोधून सापडला नसता.

आपण मात्र या कथेतलं सगळं विसरून एकच लक्षात ठेवलं: वडाला दोरा गुंडाळायचा आणि हाच नवरा सात जन्म मागायचा. कथेतली सावित्री स्वतः नवरा शोधायला बाहेर पडते, एक वर्षाचं आयुष्य आहे म्हटल्यावरही निवड बदलत नाही, आणि यमाच्या मागं चालत जाऊन त्याला बोलण्यात अडकवते. रडून नव्हे, वाद घालून. पतिव्रतेच्या पाटीखाली तिची ही वकिली झाकली गेली.

साताऱ्याच्या डोक्यावर महाबळेश्वरलाही एक सावित्री आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री, सावित्री अशा पाच नद्या तिथल्या पंचगंगेच्या देवळात एकत्र दाखवतात. स्थळकथा अशी की ब्रह्मदेवाच्या यज्ञाला सावित्री उशिरा पोचली, तोवर तिच्या जागी गायत्रीला बसवलेलं. सावित्रीनं शाप दिला आणि सगळे पाणी होऊन वाहू लागले. तीही वाहिली, पण कृष्णेकडं पाठ फिरवून. कोकणात उतरून महाड-बाणकोटकडं समुद्राला मिळते. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला तो याच नदीवर. म्हणजे पुराणातली सावित्रीही गप्प बसणारी नव्हे.

नायगावची सावित्री १८४० साली लग्न होऊन पुण्यात गेली, शिकली, १८४८ साली मुलींच्या शाळेत शिकवायला उभी राहिली. हे शाळेतल्या मुलांनाही पाठ असतं. मला तिची नायगावहून लिहिलेली पत्रं अधिक वाचावीशी वाटतात. १० ऑक्टोबर १८५६चं पत्र माहेरी आजारी असतानाचं. भाऊ तिला बोलतो, तुम्ही नवराबायको वाळीत पडलात, महारामांगांसाठी जातीला सोडलंत. ती त्याला विचारते की नागपंचमीला नागाला दूध पाजतोस, मग माणसाला का शिवत नाहीस. पत्राच्या मायन्यात ती नवऱ्याला 'सत्यरूप' म्हणते. समोर सत्यवान आणि लिहिणारी सावित्री, हा खेळ तिनं जाणून केला असं मला वाटतं. आणि पुढं नवऱ्याचं नाव सरळ लिहिते: जोतिबा. ज्या काळात बायका उखाण्यात गुंडाळल्याशिवाय नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नव्हत्या, पाव्हण्यानं विचारलं तर पोराला पुढं करून सांगायला लावत, त्या काळात हे पत्र खंडाळ्याच्या मुलखातून पुण्याला गेलं.

दुसरं पत्र २९ ऑगस्ट १८६८चं. गावातला एक ब्राह्मण तरुण आणि एक महार मुलगी यांचं प्रेम जमलं, मुलीला दिवस गेले, आणि गाव दोघांना मारायला निघालं. ही मध्ये पडली, इंग्रजी कायद्याची भीती घातली, लोकांना बोलण्यानं थांबवलं आणि जोडप्याला जोतिरावांकडं पुण्याला लावून दिलं. वनपर्वातली सावित्री यमाशी वाद घालते तो आपल्या नवऱ्यासाठी. नायगावच्या सावित्रीनं गावाशी वाद घातला तो परक्या जोडप्यासाठी, आणि जिंकला. १८९० साली जोतिराव गेले तेव्हा टिटवं धरून अंत्ययात्रेपुढं तीच चालली. १८९७ साली प्लेगात मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात पोचवलं, त्यातच तिला लागण झाली आणि १० मार्चला ती गेली.

कोशात सावित्रीचा अर्थ आजही सूर्यकन्या, ऋचा, पतिव्रता असाच मिळेल. महाराष्ट्रात मात्र 'सावित्रीच्या लेकी' म्हटलं की कुणाला वड आठवत नाही, पाटी-पुस्तक आठवतं. हा अर्थ व्युत्पत्तीतून आलेला नाही. नाव धारण करणाऱ्या एका बाईनं सहासष्ट वर्षांत तो तयार केला.

हे नाव फिरलंयही पुष्कळ. ओडिशात, नेपाळात त्याचं साबित्री होतं. तेलुगू-तमिळ पडद्यावर ते 'मायाबाजार'मधल्या नटीचं म्हणून घराघरात गेलं. जावा बेटावरच्या बायकांत ते आहे, आणि थायलंडमध्ये आजही मुलींचं नेहमीचं नाव आहे. तिथल्या लिपीत पण संस्कृत स्पेलिंग जपून लिहितात. इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्ट संस्कृत शिकला आणि 'सावित्री' नावाचा छोटा ऑपेरा लिहिला. १९१६ साली तो पहिल्यांदा झाला. पात्रं तीनच: सावित्री, सत्यवान आणि मृत्यू.

पण या सगळ्यांत मला मराठी घरात आलेली एक सावित्री सांगायची आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९१३ साली जन्मलेली ईव्ह इव्हॉन. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी तिनं १९३२ साली लग्न केलं आणि ती सावित्री खानोलकर झाली. मराठी, संस्कृत शिकली, महाराष्ट्रातल्या संतांवर पुस्तक लिहिलं, आणि संस्कृत नावांचा एक कोशही केला. स्वतःचं नाव बदललेल्या बाईला नावांचा कोश करावासा वाटला, हे मला फार समजण्यासारखं वाटतं. परमवीरचक्राचं रेखाटन तिचं. मधोमध राजमुद्रा आणि भोवती चार वज्रं. ईव्ह म्हणजे आपल्या बायबलातली हव्वा, आणि त्या हिब्रू नावाचा संबंध जीव, जगणं याच्याशी. जीव असा अर्थ असलेलं नाव टाकून तिला मिळालं ते जीव परत आणणारीचं. नाव बदललं, अर्थ घरातल्या घरात राहिला.

एवढं मोठं नाव, आणि ते आता कुणी ठेवत नाही. ३ जानेवारीला शाळेत कार्यक्रम असतो. मुली नऊवारी नेसून, ठळक कुंकू लावून, हातात पुस्तक धरून येतात. नायगावला मंत्री येतात, गाड्यांची रांग लागते. पुण्याच्या विद्यापीठाला २०१४ साली तिचं नाव दिलं ते योग्यच झालं. पण पहिलीच्या पटावर सावित्री नावाची मुलगी मला माझ्या सगळ्या नोकरीत भेटलेली नाही. आईबाप दाखल्याच्या वेळी मोबाइल पुढं करतात: "गुरुजी, दोन अक्षरीच पाहिजे, गल्लीत दुसरं नको." मग कुठल्यातरी संकेतस्थळावरचं, व्याकरणाला न जुमानणारं, पण 'देवी लक्ष्मीचे एक नाव' असा अर्थ चिकटवलेलं काहीतरी येतं. जुनं वाटतं म्हणून सावित्री नको, हे एकवेळ मान्य. पण मग आमच्या यादीत पिढ्यान्‌पिढ्या शिवाजी, संभाजी, तानाजी कसे? मुलग्याला आदर्शाचं नाव चालतं, जुनं झालं तरी चालतं. मुलीचा आदर्श फोटोपुरता. माझं मत कुणाला कडू लागेल, पण जयंतीच्या भाषणापेक्षा बारशाच्या पाळण्याला मी जास्त मानतो.

आणखी एक गोष्ट राहिली. सावित्रीबाईंच्या वडिलांच्या नावाबद्दल वाद नाही, खंडोजी. आईचं नाव मात्र कुठं लक्ष्मी लिहिलेलं आढळतं, कुठं सत्यवती. महाराष्ट्रातल्या सगळ्यांत गाजलेल्या लेकीच्या आईचं नावही एकमतानं सांगता येऊ नये! लक्ष्मी माहेरचं आणि सत्यवती सासरचं, की उलट, की आणखी काही, याचा निवाडा आता कागद करणार नाही, कारण त्या काळी आईचं नाव कागदावर जातच नव्हतं. शाळेतल्या जुन्या जनरल रजिस्टरातही मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव एवढंच. आईला कित्येक वर्षं रकानाच नव्हता.

१ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी राज्य सरकारनं हे बदललं. सरकारी कागदावर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव, असा क्रम सक्तीचा झाला. या मुलांच्या आयांची नावं आता हरवणार नाहीत. त्याआधीच्यांची मात्र तुमच्या-माझ्याच हातात आहेत. घरात आजी असेल, चुलती असेल, तर या सुट्टीत तिला दोन्ही नावं विचारा, तिच्या आईचीही विचारा, आणि वहीत लिहून ठेवा.